तोट्यातली बस आणि मुंबईचा धडा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून एक गोष्ट घोकावी लागते : उत्पन्नातून खर्च वजा करा, उरेल तो नफा. या कसोटीवर शहराची सार्वजनिक वाहतूक बहुधा नापास ठरते. तरीही ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. असे का, हे मुंबईच्या उदाहरणावरून पाहू.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्रॅम धावू लागली. वीजपुरवठा आणि ट्रॅम हे दोन्ही धंदे एकाच कंपनीकडे होते. याच कंपनीने १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस काढली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने हा सारा कारभार ताब्यात घेतला. तोच आजचा 'बेस्ट' उपक्रम होय. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्रॅम धावली. पुढे ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग पूर्ण झाला.

आता हिशेबाकडे वळू. बसच्या एका फेरीचा खर्च, उदाहरणादाखल, २,००० रुपये धरा. चालक-वाहकांचे पगार, डिझेल आणि घसारा हे खर्च ५० प्रवासी बसले काय अन् २० बसले काय, जवळजवळ तेवढेच. तिकीट ४० रुपये असेल, तर ५० प्रवाशांत खर्च निघतो. २० प्रवाशांत १,२०० रुपये तोटा येतो. तो भरून काढायला तिकीट १०० रुपये केले, तर त्या वीसांतलेही काही जण दुसरे वाहन शोधतील. म्हणजे भाडे वाढवूनही तोटा भरून निघेलच असे नाही.

मग मुंबईने काय केले? अनेक वर्षे बेस्टच्या वीज विभागाच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघे. २००३ च्या वीज कायद्यानंतर या पद्धतीला हरकती घेण्यात आल्या व अखेर ती बंद पडली. मग पालिकेच्या अनुदानावर भिस्त आली. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवर आणले गेले. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले. तात्पर्य, बसचा पूर्ण खर्च एकटा प्रवासी देत नाही. वीजग्राहक, करदाता, पालिका यांपैकी कोणीतरी वाटा उचलतोच.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. बीदर व कलबुरगी भागात मेट्रो नाही, ट्रॅम नाही. भालकी, औराद, आळंदच्या खेड्यांतील मुलांना कॉलेज गाठायचे ते लाल बसनेच. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट पडते. तिकीट नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे. ती रक्कम सरकारने महामंडळाला द्यायची असते. ती वेळेवर मिळाली नाही, तर नव्या गाड्या कोठून येणार? आणि गाडी आलीच नाही, तर मोफत तिकिटाचा उपयोग काय?

म्हणून माझ्या मते ताळेबंदात आणखी एक रकाना हवा. ज्या मुलीचे शिक्षण बस नसल्याने दहावीनंतर थांबले असते, ती आज पदवीच्या वर्गात बसते. हा लाभ महामंडळाच्या वहीत कोठेच दिसत नाही. तोटा जरूर मोजावा, उधळपट्टी जरूर रोखावी. परंतु तोट्यातली फेरी बंद करण्यापूर्वी तिच्यातून कोण उतरते आणि कोठे जाते, हेही मोजावे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला एवढा हिशेब यायलाच हवा.