साप घराकडे का येतो?

मृगाचा पाऊस पडला, की गावात साप निघू लागतात. कोणी म्हणते, सापाने डूख धरला. कोणी म्हणते, जागेतच दोष आहे. आम्ही म्हणतो, साप पोटासाठी येतो. माणूस हे काही त्याचे खाणे नव्हे. मग त्याचे खाणे कोणते आणि ते आपल्या घरात कसे आले, ते पाहू.

आपल्या परभणी जिल्ह्यात काळी जमीन फार. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. त्या भेगांत उंदीर राहतात, सापही राहतात. पाऊस झाला म्हणजे भेगा मिटतात, बिळांत पाणी शिरते. मग सारेच कोरडी जागा शोधत निघतात. कोरडी जागा कुठली? आपले घर, गोठा, कडब्याची गंजी.

घरात ज्वारीची पोती असतात, सोयाबीनची थप्पी असते. दाण्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप येतो. भिंत पोखरतो तो उंदीर. नागाला बीळ करता येत नाही. त्याला हातपाय कुठले! म्हणून तर 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण पडली. वारूळसुद्धा त्याचे नव्हे, ते वाळवीचे.

अंधारात सापाला उंदीर कसा सापडतो? साप जीभ सारखी आतबाहेर करतो, ती चावायला नव्हे. जिभेवर तो वास गोळा करतो आणि तोंडात टाळूला नेतो. तिथे त्याला वास कळतो. जिभेला दोन टोके. ज्या टोकाला वास जास्त, त्या बाजूला उंदीर गेला. कुत्रा नाकाने माग काढतो, साप जिभेने काढतो. बाहेरचे कान त्याला नाहीत, पण जमिनीचा हादरा अंगाला कळतो.

सगळ्यांची रीत मात्र एक नाही. धामण दिवसा हिंडते, उंदरामागे पळते, बिळात शिरून त्याला धरते. तिला विष नाही. ती गोठ्यात दिसली की लोक म्हणतात, गाईचे दूध प्यायला आली. खोटे आहे. सापाला दूध ओढून पिता येत नाही. ती पेंडीवरच्या उंदरासाठी येते. अशी धामण मारणे म्हणजे आपल्याच दाण्याचा राखणदार मारणे.

घोणस पळत नाही. पाचोळ्यात, बांधाच्या कडेला वेटोळे घालून तासन् तास पडून राहते. उंदीर जवळ आला की एक डंख मारते आणि सोडून देते. उंदीर थोडा पळून मरतो. मग ती माग काढीत जाते. माणूस आला तरी ती जागची हलत नाही. म्हणूनच रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेल्याचा पाय तिच्यावर पडतो. बॅटरी आणि बूट हवेतच.

नाग उंदीर खातो, बेडूक खातो, कोंबडीची पिल्लेही खातो. खुराडे निजायच्या जागेपासून लांब ठेवा. फुरसे लहान, ते मुरमाड माळावर दगडाखाली असते.

आम्हाला सर्वांत भय वाटते ते मण्याराचे. काळा, चकचकीत, अंगावर पांढरे पट्टे. तो रात्रीच निघतो. दुसरे साप, पाली, उंदीर खातो. म्हणून घरात दाणा नसला तरी येतो. भुईवर निजलेल्याचा हात हलला, की चावतो. चावल्याचे दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. आणि ओवा देण्यात वेळ जातो. बाजेवर निजा. मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा, म्हणजे डासही नाही आणि मण्यारही नाही.

कडब्याची गंजी आणि पऱ्हाट्या भिंतीला लावू नका. सरपण उचलण्याआधी काठीने हलवा. दाणे कोठीत ठेवा, बिळे बुजवा.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे साप चावून दगावली, असा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली. निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

साप चावलाच तर मांत्रिकाकडे जाऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात-पाय न हलवता माणसाला लगेच सरकारी रुग्णालयात न्या. तिथे विषावरचे इंजेक्शन असते. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ते औषध काढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर ते एकच चालते. तेव्हा साप शोधून, मारून बरोबर न्यायची गरज नाही. तेवढ्या वेळात गाडी तालुक्याला पोचते.