हॅचबॅकची मागची काच बदलण्याचं काम: जालना जिल्ह्यात सुरू करायचं असेल तर हे आधी वाचा



मागच्या व्हिडिओत आपण मोठं दुकान न टाकता सुरू करता येतील असे सेवा व्यवसाय बघितले. त्यात गाडीच्या काचांचा विषय दोन मिनिटांत आटोपला होता. आज तो नीट घेऊ. पण सगळ्या काचा नाही, एकच काम: हॅचबॅक गाडीची फुटलेली मागची काच काढून नवी बसवणं. अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत यातली एखादी तरी उभी असतेच.

आधी ही काच फुटते का, ते समजून घ्या. सेदान गाडीची मागची काच बॉडीला पक्की असते. हॅचबॅकची काच डिकीच्या झाकणात असते आणि ते झाकण आपण रोज आपटतो. त्यात आपल्या जिल्ह्यात ही गाडी अर्धी टेम्पो असते. बियाण्याच्या पिशव्या, मोसंबीचे क्रेट, ठिबकचे पाईप, सगळं मागची सीट पाडून आत. पाईपचं टोक दोन बोटं बाहेर राहतं, घाईत डिकी आपटली जाते आणि काच खाली. शिवाय गारपीट. फेब्रुवारी २०१८ मध्ये जालना जिल्ह्याने ती चांगलीच अनुभवली आहे. म्हणजे काम वर्षभर येतं, पण कधी येईल ते सांगता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माल भरून ठेवायचा की नाही हे त्यावर ठरतं.

आता काचेबद्दल. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा थर. दगड लागला तर तिला चीर जाते, पण ती जागेवर राहते. छोटा टवका असेल तर रेझिन भरून दुरुस्तही होते. मागची काच सहसा टफन्ड असते. काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर एकदम थंड हवेचे झोत सोडतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि आतला भाग ताणाखाली. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, पण एकदा ताण सुटला की संपूर्ण काचेचे हरभऱ्याएवढे तुकडे होतात. याचे धंद्याच्या दृष्टीने दोन अर्थ. एक, ही काच दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. दोन, तयार झालेली टफन्ड काच कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. वायपरच्या भोकाची काच हवी होती आणि बिनभोकाची आली, तर ती काच तुमच्याकडेच पडून राहणार.

या व्यवसायात नवा माणूस पैसे घालवतो ते बसवताना कमी आणि मागवताना जास्त. हिशेब करून बघू. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातले भाव तुम्ही काढा. समजा काच ३,२०० रुपयांना पडली. चिकटवायची पीयू ट्यूब ५००, प्रायमर-टेप-ब्लेड १५०, काच आणायचं भाडं २५०, मदतनीस ४००. खर्च झाला ४,५००. ग्राहकाकडून घेतले ५,५००. हातात राहिले हजार. आता एकदाच चुकीची काच आली आणि डीलरने परत घेतली नाही, तर काचेचे ३,२०० आणि भाड्याचे २५० मिळून ३,४५० गेले. साडेतीन गाड्यांची कमाई एका फोनमध्ये गेली.

तेव्हा फोन कसा घ्यायचा ते शिका. समजा मंठ्याहून फोन आला, “भाऊ, स्विफ्टची मागची काच आहे का? केवढ्याला?” लगेच भाव सांगायचा मोह होतो. सांगू नका. म्हणा, “दादा, तीन फोटो पाठवा. आरसीचा, डिकीचा बाहेरून, आणि डिकी उघडून आतून. पाच मिनिटांत सांगतो.” आरसीवर गाडी कधी बनली ते कळतं. स्विफ्ट २००५ ला आली, मग २०११, २०१८ आणि २०२४ ला बदलली. नाव तेच, काच वेगळी. वॅगन-आर जानेवारी २०१९ ला पूर्ण बदलली. बदलाच्या वर्षातली गाडी असेल तर नुसतं साल पुरत नाही, चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. बाहेरच्या फोटोत वायपर आहे का ते दिसतं. आतल्या फोटोत डिफॉगरच्या वायरी दिसतात, म्हणजे काचेवर ज्या आडव्या बारीक रेषा असतात त्यांना करंट देणाऱ्या. बेस मॉडेलला बहुधा वायपरही नसतो आणि डिफॉगरही नसतो, टॉप मॉडेलला दोन्ही असतात. फुटलेल्या काचेचा शिक्क्याचा तुकडा सापडला तर त्याचाही फोटो मागा.

आणि हो, त्याच फोनवर ग्राहकाला दोन गोष्टी सांगा, त्याचे पैसे लागत नाहीत. आतले तुकडे हाताने उचलू नका. आणि मागची काच नसलेली गाडी चालवावीच लागली तर मागे जाड प्लास्टिक नीट लावा आणि पुढच्या काचा थोड्या खाली ठेवा, कारण मागची बाजू उघडी असली की सायलेन्सरचा धूर गाडीत ओढला जातो. असं सांगणाऱ्या माणसाकडे ग्राहक भाव करायला दहा दुकानं फिरत नाही, हा माझा अंदाज नाही, अनुभव आहे.

माल भरायचा का? माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष नाही. मॉडेल इतकी, प्रत्येकाच्या पिढ्या, त्यात वायपर-डिफॉगरचे प्रकार. दहा काचा भरल्या तरी अकरावीच मागितली जाते. छत्रपती संभाजीनगर आपल्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. तिथल्या दोन डीलरशी संबंध ठेवा आणि पुण्यातला एक हाताशी ठेवा. सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना चाकणला आहे, असाही इंडिया म्हणजे एआयएस ही दुसरी मोठी कंपनी. काच कोणाचीही घ्या, कोपऱ्यातला शिक्का वाचा: कंपनीचं नाव, आयएसआय खूण आणि आयएस २५५३. शिक्का नसलेली काच स्वस्तात मिळाली तरी नको. मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीला सेफ्टी ग्लासच लागते, आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. “भाऊ, जरा काळी फिल्मपण मारून द्या,” असं कोणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल सांगा आणि विषय सोडून द्या.

आता प्रत्यक्ष काम. सगळं लिहून शिकता येत नाही. एखाद्या चांगल्या फिटरकडे दोन-तीन महिने हाताखाली काढा, पगार मिळो न मिळो. पण काय बघायचं ते इथे सांगतो.

पहिला तास सफाईचा. तुकडे डिकीच्या झाकणाच्या पोकळीत जातात, सीटच्या फटीत जातात, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात जातात. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर हे काम घेऊच नका. झाकणात राहिलेले तुकडे डिकी उघडताना खुळखुळतात, आणि ग्राहक महिनाभर रोज तो आवाज ऐकतो आणि तुमचं नाव घेतो. मग वायपरचा दांडा, आतलं प्लास्टिक, वायरी काढायच्या. प्लास्टिकच्या पट्टीनेच, स्क्रू ड्रायव्हरने नाही, क्लिप तुटतात.

जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत रबरी बीडिंगमध्ये काच बसायची. आजच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी ती पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते. जुनं पीयू पूर्ण खरवडून पत्रा उघडा करायचा नाही. एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवायचा, नवं पीयू त्याला उत्तम धरतं. जिथे पत्रा खरचटला तिथे प्रायमर लावायचा, नाहीतर गंज धरतो आणि दोन पावसाळ्यांनी पाणी आत येतं. नव्या काचेचा काळा काठ नीट पुसून घ्यायचा. तो काठ शोभेचा नाही, त्याच्या आडोशाने पीयूला ऊन लागत नाही. डिफॉगरच्या रेषा काच बसवण्याआधी मल्टिमीटरने तपासा. बसवल्यावर रेष तुटलेली सापडली तर “तुम्हीच तोडली” आणि “आधीच तुटलेली होती” यात दिवस जातो.

पीयूची धार एकसलग, वर निमुळती, मध्ये कुठेही तुटू न देता मारायची. दोघांनी सक्शन कपने काच उचलून एकदाच जागेवर ठेवायची, सरकवत बसायचं नाही. टेप लावायची. झालं.

झालं म्हणजे बसवणं झालं. खरी परीक्षा पुढे आहे.

पीयू वाळत नाही, ते हवेतल्या ओलाव्याने आतपर्यंत घट्ट होत जातं. साधारण हवामानात चोवीस तासांत तीनेक मिलिमीटर. आता आपला एप्रिल-मे आठवा. पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठाक. उष्णतेने वरची साय पटकन धरते, बोट लावलं तर पक्कं वाटतं, पण आत ओलावा पोचलेला नसतो. ग्राहक उभाच असतो: “लागली ना काच? मग जाऊ द्या, लग्नाला नागपूरला जायचंय.” आणि तो तुमच्याकडून निघून थेट समृद्धीवर चढणार. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला हवा मागची काच बाहेर ओढते. डिकी एकदा जोरात आपटली तर आतल्या हवेचा धक्का वेगळाच. काच सरकली तर पाणी गळेल हे नशीब समजा. ती मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर गेली तर काय, ते लिहायला नको.

म्हणून ट्यूबवर गाडी सोडण्याची वेळ लिहिलेली असते ती वाचा, आणि हवा कोरडी असेल तर त्याहून जास्त धरा. ही वेळ भाव सांगतानाच सांगायची, काम झाल्यावर नाही. “दादा, सकाळी नऊला गाडी आणा, संध्याकाळी मिळेल. पुढचे दोन दिवस डिकी हळू लावा, पुढची काच बोटभर खाली ठेवा, गाडी धुऊ नका, हायवेला पळवू नका.” ज्याला हे जमत नाही त्याचं काम सोडा. सुरुवातीला काम सोडणं जड जातं, मला माहीत आहे, पण घाईच्या कामातले हजार रुपये मला तरी नको वाटतात. आणि सिलिकॉन लावून दोन तासांत गाडी देणारे असतील, त्यांच्याशी भावात स्पर्धा करू नका. सिलिकॉन ही जोड धरून ठेवण्यासाठी नाही, काही प्रकार तर पत्र्याला गंज आणतात.

ट्यूब साठवतानाही ऊन लक्षात ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली ट्यूब मुदतीआधीच खराब होते. घरात थंड जागी ठेवा, तारीख बघूनच घ्या, उघडलेली दुसऱ्या दिवशी वापरू नका.

ग्राहक हमखास विचारतो, “इन्शुरन्समध्ये बसेल का?” थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर नाही. सर्वसमावेशक असेल तर बसतं, आणि काचेवर घसारा कापत नाहीत. पण १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये ग्राहकाचेच जातात, आणि नो क्लेम बोनस शून्यावर येतो. समजा बोनस धरायच्या आधीचा ओडी प्रीमियम ६,००० आहे आणि ग्राहकाला पूर्ण ५० टक्के बोनस मिळतोय, म्हणजे तो ३,००० भरतो. क्लेम केला तर पुढचं वर्ष पूर्ण ६,०००. मग बोनस पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा चढतो. हप्ता तोच धरला, तर पहिल्या वर्षी ३,००० जास्त, मग १,८००, १,५००, ९०० आणि ३००. बेरीज ७,५००, वर ते हजार. साडेपाच हजारांच्या काचेसाठी साडेआठ हजार! प्रीमियम दरवर्षी थोडा कमी होतो म्हणून खरा आकडा खाली येईल, पण दिशा तीच. उलट गाडी नवी असेल, बोनस जमलेलाच नसेल किंवा बोनस वाचवणारं ॲड-ऑन असेल, तर क्लेम करणं बरं. हा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडा आणि निर्णय त्याला घेऊ द्या. क्लेम करायचा ठरला तर कंपनीला कळवून पाहणी होईपर्यंत कामाला हात लावू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. आपण सेवा देतो म्हणून जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढाल धरून चला. हत्यारांसाठी मुद्राचं शिशू कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं आणि माल भरायचा नसेल तर सुरुवातीला तेवढं पुरावं. काम कुठून येणार? गॅरेजवाले आणि जुन्या गाड्यांचे डीलर. गॅरेजवाल्याला त्याचा वाटा द्या, पण उधारी नको, निदान काचेचे पैसे आधी.

या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या तालुक्यात सर्वात जास्त दिसणाऱ्या पाच हॅचबॅक लिहा. प्रत्येकीच्या मागच्या काचेचे किती प्रकार आहेत ते शोधा. मग तीन डीलरना फोन करून भाव, यायला लागणारे दिवस आणि चुकीची काच परत घेतात का, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. पुढच्या व्हिडिओत याच आकड्यांवर तुमचा भाव कसा ठरवायचा ते करू, तेव्हा वही घेऊन बसा.