डिझेल मालमोटार : फिल्टर बदलल्यानंतर इंधनमार्गातील हवा कशी काढावी?

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील चलथाण हे मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावरील वर्दळीचे ठिकाण आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आता क्रमांक ४८ झाला आहे. येथे सहकारी साखर कारखाना असून, दक्षिण गुजरातेतील अशा कारखान्यांच्या ऊसतोडणीसाठी खानदेश व डांग भागांतून मजूर दरवर्षी येतात. गळिताच्या हंगामात उसाने भरलेली मालमोटार वाटेत बंद पडली तर हानी केवळ मालकाची होत नाही. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळला जाईल, तितके त्याचे वजन आणि साखरेचा उतारा घटत जातो. शिवाय महामार्गाच्या कडेला रात्री उभे असलेले वाहन हे अपघाताला आमंत्रणच होय.

अशा बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण अगदी साधे असते. इंधनाचा फिल्टर बदलला जातो, परंतु त्या वेळी आत शिरलेली हवा नीट काढली जात नाही. ‘गाडीने एअर घेतली’ असे चालक ज्यास म्हणतात, तो हाच दोष. तो का उद्भवतो व कसा दूर करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवेमुळे इंजिन का बंद पडते?

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. हा फवारा निर्माण होण्यासाठी इंधनावर मोठा दाब यावा लागतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात इंजेक्टरचे तोंड साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमच्या आसपास दाब आल्यावर उघडते. डिझेल दाबले असता जवळजवळ आकुंचन पावत नाही. हवा मात्र सहज आकुंचन पावते. नळीत हवेचा बुडबुडा असल्यास पंपाचा दट्ट्या तो बुडबुडाच दाबत राहतो. परिणामी इंजेक्टर उघडत नाही व इंजिन सुरू होत नाही. झालेच तर अडखळत चालून बंद पडते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. इंधनपंपाच्या अंतर्गत भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून हवा भरलेल्या स्थितीत स्टार्टर दीर्घकाळ फिरवत राहिल्यास बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो आणि पंपाचे भाग कोरडे घासले जातात. हवा काढण्याचे काम हातपंपाचे आहे, स्टार्टरचे नव्हे.

जुन्या पद्धतीची यंत्रणा

१९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मायको कंपनीचे रांगेतील इंधनपंप देशातील असंख्य मालमोटारींवर बसविले गेले. अशा वाहनांत डिझेलचा मार्ग पुढीलप्रमाणे असतो : टाकी, फीड पंप, पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, इंधनपंप व शेवटी इंजेक्टर. हवा याच क्रमाने काढावयाची असते. काम येणेप्रमाणे करावे :

१. वाहन सपाट जागी उभे करून हातब्रेक लावावा व चाकांना उटी द्यावी. फिल्टरचा बाहेरील भाग आधी स्वच्छ पुसावा. जवळ विडी, सिगारेट वा दिवा नसावा.

२. नवा फिल्टर बसविताना जुनी रबरी कडी वरच चिकटून राहिलेली नाही, याची खात्री करावी. नव्या कडीस स्वच्छ डिझेलचा हात लावावा. तांब्याचे वॉशर शक्यतो नवे वापरावेत.

३. पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा. फीड पंपावरील हातपंपाची मूठ सोडवून पंप मारावा. प्रथम फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे पूर्णपणे थांबल्यावर, डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळावा.

४. हीच क्रिया दुसऱ्या फिल्टरवर व तद्नंतर इंधनपंपावरील स्क्रूवर करावी. शेवटी हातपंपाची मूठ पुन्हा घट्ट बसवावी. ती सैल राहिल्यास तेथूनच हवा शिरू शकते.

५. सांडलेले डिझेल पुसून इंजिन सुरू करावे. स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक फिरवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट थांबावे.

६. इंजिन काही मिनिटे मंद गतीने चालवून सर्व सांधे तपासावेत.

बुडबुडे थांबतच नसतील तर

अशा वेळी दोष बहुधा टाकी व फीड पंप यांच्या दरम्यान असतो. या भागात इंधन ओढले जाते. त्यामुळे सांधा सैल असला तरी इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून कोरडा दिसणारा सांधा येथे निर्दोष असेलच असे नाही. फीड पंपाच्या पुढील भागात मात्र दाब असल्याने दोष गळतीच्या रूपाने दिसतो. हा भेद ध्यानी ठेवल्यास शोधाचा वेळ निम्म्याने वाचेल. तडा गेलेली रबरी नळी, झिजलेले वॉशर आणि टाकीतील डिझेलची पातळी ही तीन ठिकाणे प्रथम पाहावीत. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल, तरीही डिझेलचा पुरवठा खुंटतो.

नव्या वाहनांबाबत विशेष सूचना

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ मानके लागू झाली. आजच्या मालमोटारींत सामान्यतः कॉमन रेल यंत्रणा असून तीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड हजार किलोग्रॅमहून अधिक असू शकतो. जुन्या वाहनांत काही कारागीर इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून हवा काढतात. कॉमन रेल यंत्रणेत ही पद्धत कदापि वापरू नये. एवढ्या दाबाची डिझेलची धार त्वचा भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ती गंभीर समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

या वाहनांत फिल्टरच्या डोक्यावरील हातपंप कडक लागेपर्यंत मारावा. विजेवर चालणारा पंप असल्यास निर्मात्याच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे चावी चालू ठेवून तो आपले काम पुरे करील तोवर थांबावे. नवा फिल्टर डब्यातील डिझेलने भरून बसविण्याची सवयही सोडावी. मधल्या छिद्रातून ओतलेले डिझेल गाळले न जाता थेट पंपाकडे जाते आणि त्यातील सूक्ष्म कचरा महागडे इंजेक्टर निकामी करू शकतो.

सारांश, फिल्टर बदलण्याचे काम नवा फिल्टर आवळल्यावर संपत नाही. बुडबुडेरहित डिझेल इंधनपंपापर्यंत पोहोचले म्हणजेच ते पूर्ण होते. हे काम शक्य तो मुक्कामी, दिवसाउजेडी उरकावे. महामार्गावर करण्याची वेळ आलीच, तर वाहन रस्त्यापासून शक्य तितके दूर घ्यावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि परावर्तक त्रिकोण पुरेसा मागे ठेवून मगच पाना हाती घ्यावा.