जुन्या मोटारीची झळाळी

मुंबईच्या उत्तर वेशीवर दहिसर वसले आहे. पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेस खाडी व खारफुटीचे रान आणि मधून वाहणारी दहिसर नदी, असे या उपनगराचे रूप आहे. मुंबईची हद्द येथपर्यंत वाढली ती १९५७ साली. येथील खारट, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस झाडाझुडपांना मानवतो. लोखंडाला मात्र मुळीच मानवत नाही. अशा ठिकाणी एखादी जुनी मोटार उघड्यावर उभी राहिली, की तिच्या चकचकीत भागांवर प्रथम तपकिरी ठिपके उमटतात आणि मग पापुद्रे सुटू लागतात.

मुंबईकरांच्या आठवणीतील अशी मोटार म्हणजे फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट मोटारी तयार होत. १९६४ साली ‘डिलाइट’ आली; १९७४ पासून हीच मोटार ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने कित्येक कुटुंबांना भाकरी दिली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून नाहीशी झाली. आता जी थोडी वाहने हौसेने जपली जातात, तीच तिची आठवण होत.

पद्मिनीचे बंपर चकचकीत दिसत, ते क्रोमियमच्या मुलाम्यामुळे. १७९७ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी या धातूचा शोध लावला. क्रोमियम स्वतः गंजत नाही. मग त्यावर गंज दिसतो कसा? याचे उत्तर मुलाम्याच्या आत आहे. पोलादी भागावर सामान्यतः प्रथम तांब्याचा, मग निकेलचा व शेवटी क्रोमियमचा थर देतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शोभेच्या कामातील क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. लोखंडाचे खरे रक्षण खालचा निकेलचा थर करतो. तो विरला किंवा कोठे छिद्र पडले, की पाणी व मीठ आत शिरते आणि लोखंड गंजू लागते. तात्पर्य, झळाळी वरची असली, तरी तिचा आधार आत असतो.

म्हणून जाणता कारागीर प्रथम परीक्षा करतो. भाग काढण्यापूर्वी तो त्याचे छायाचित्र घेतो. स्क्रू व क्लिपा निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावतो. मग तो लोहचुंबक लावून पाहतो. चुंबक चिकटला तर खाली बहुधा पोलाद आहे. न चिकटल्यास ॲल्युमिनियम, पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातू असू शकतो. प्रत्येकाचा उपचार वेगळा. गंज वरवरचा असेल, तर साबणाच्या पाण्याने धुऊन, ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा ओला बोळा हलक्या हाताने फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमियमहून मऊ असल्याने चरे सहसा पडत नाहीत. नंतर भाग कोरडा करून मेण चोळावे. मुलामा सुटला असेल, तर मात्र घासून उपयोग नाही. तो नव्यानेच द्यावा लागतो.

एखादा भाग पार कुजलेला असल्यास त्याच्या जोडीचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी कुर्ल्याचा भंगारबाजार, ऑपेरा हाउसजवळची सुट्या भागांची दुकाने आणि चोरबाजार येथे फेऱ्या घालाव्या लागतात. केवळ नाव सांगून भागत नाही. वर्षागणिक साच्यात फरक पडतो. म्हणून जुना तुकडा बरोबर नेऊन भोके व वळणे जुळवून पाहावीत. पावती अवश्य घ्यावी. दुसऱ्याच्या गाडीवरून चोरलेला भाग आपल्या गाडीची शोभा वाढवीत नाही. शिवाय नव्या नकली पट्टीपेक्षा डागाळलेली जुनी अस्सल पट्टी पुष्कळदा अधिक मोलाची ठरते. तिचे लोखंड शाबूत असेल, तर तिला पुन्हा उजाळा देता येतो.

नवा मुलामा देताना जुना थर उतरवतात, पोचे ठोकून काढतात, पृष्ठभाग घासून आरशासारखा करतात. या टप्प्यावर राहिलेला चरा मुलाम्याने झाकला जात नाही, उलट अधिक उठून दिसतो. मग तो भाग द्रावणात बुडवून विजेच्या ऋण टोकास जोडतात व एकेक धातू त्यावर बसवतात. क्रोमियमच्या नेहमीच्या द्रावणात क्रोमिक आम्ल असते. ते अत्यंत विषारी आहे. त्याच्या तुषारांमुळे कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. हे सांडपाणी तसेच सोडून देणे म्हणजे नदीत विष कालवणेच होय. त्यातील घातक क्रोमियमचे प्रथम कमी घातक रूपात परिवर्तन करावे लागते. नंतर चुना घालून ते गाळाच्या रूपाने वेगळे काढतात. त्या गाळाचीही नियमाप्रमाणे विल्हेवाट लावावी लागते. यास खर्च येतो. म्हणून सर्वांत स्वस्त दर सांगणारा कारखाना निवडण्यापूर्वी, त्याचे पाणी कोठे जाते, हे मालकाने विचारले पाहिजे.

तुळशी तलावाच्या परिसरात डोंगरात उगम पावणारी दहिसर नदी वस्तीत शिरल्यावर सांडपाण्याने काळवंडते. तिच्या काठच्या माणसाने जुनी मोटार अवश्य जपावी; पण बंपरात आपला चेहरा लख्ख दिसावा म्हणून नदीचे पाणी नासवू नये. कामगाराचा श्वास आणि नदीचे पाणी सांभाळून आलेली झळाळी, तीच खरी झळाळी होय.

स्वाध्याय

१. क्रोमियम गंजत नसताही बंपरावर गंज का दिसतो?
२. कारागीर लोहचुंबकाचा उपयोग कशासाठी करतो?
३. ‘झळाळी वरची असली, तरी तिचा आधार आत असतो.’ हे विधान माणसाच्या स्वभावास कसे लागू पडते, ते आठ ओळींत लिहा.
४. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू कोणी, कशी दुरुस्त केली, याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.