दहा हजार कान विकत मिळतात का?

प्रश्न : आम्ही चौघं मित्र मिळून मराठी रॉक बँड चालवतो. चार महिन्यांपूर्वी पदरचे पैसे घालून पहिलं गाणं रेकॉर्ड केलं आणि स्पॉटिफाय, यूट्यूब सगळीकडे टाकलं. स्पॉटिफायवर ते आजवर ४१२ वेळा ऐकलं गेलंय, पण आता आकडा हलतच नाही. गेल्या आठवड्यात एकाचा मेसेज आला, 'दोन हजार रुपये द्या, दहा हजार स्ट्रीम देतो.' बँडमधले दोघं हो म्हणतात, दोघं नाही. काय करावं? आणि हे करायचं नसेल, तर अनोळखी माणसांपर्यंत आमचं गाणं पोचणार तरी कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही म्हणणाऱ्या दोघांचं ऐका. हो म्हणणाऱ्यांची तगमग मला कळते. महिनोन् महिने जीव ओतून केलेलं गाणं ४१२ वर येऊन थांबलं की हात-पाय गळतात. म्हणूनच हा आकडा कसा चालतो, ते आधी नीट पाहू.

स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. स्ट्रीम विकणारे खोटी खाती उघडून ठेवतात. ती खाती तेवढा वेळ गाणं वाजवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाण्याकडे वळतात. पण स्पॉटिफायची मोजणी एवढ्यावर थांबत नाही. गाणं कोणी शेवटपर्यंत ऐकलं, कोणी मुखड्यातच सोडलं, कोणी जपून ठेवलं, ते ऐकणारा आणखी काय काय ऐकतो, या सगळ्याची नोंद होते. २०१५पासून दर सोमवारी श्रोत्यांना मिळणारी 'डिस्कव्हर वीकली' ही यादी अशाच नोंदींवरून बनते. तुमच्यासारखी आवड असलेल्यांना काय रुचलं, ते तुम्हाला सुचवायचं, हे त्यामागचं साधं तत्त्व.

आता तुमच्या ४१२ खऱ्या नोंदींत दहा हजार खोट्या मिसळल्या तर काय होईल? एखाद्या मुलीनं रात्री तुमचं गाणं सलग सहा वेळा ऐकलं असेल, तर तिची नोंद त्या गर्दीत बुडून जाईल. तिच्यासारख्या आवडीच्या आणखी पन्नास जणांकडे गाणं जाऊ शकलं असतं, ती वाट बंद होईल. पत्र मनापासून लिहावं आणि पैसे मोजून त्यावर चुकीचा पत्ता घालून घ्यावा, तसं हे आहे.

पैशाचंही गणित सांगतो. २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय गाण्याला मानधन सुरू होत नाही. हजाराचा हा उंबरठा विकत ओलांडावा, असं कोणालाही वाटेल. पण स्ट्रीमसोबत ठरावीक संख्येनं वेगवेगळे श्रोतेही लागतात आणि ती संख्या कंपनी मुद्दाम जाहीर करत नाही. खोटे स्ट्रीम मोठ्या प्रमाणावर सापडले, तर ज्याच्यामार्फत तुम्ही गाणं स्पॉटिफायवर टाकलंत, त्या वितरकाकडून गाण्यामागे दंड घेतला जातो. वितरक तो तुमच्याकडून वसूल करू शकतो, गाणं काढूनही टाकू शकतो. दोन हजार जातील ते जातील, पहिलं गाणंही जाईल.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. अनोळखी माणसांपर्यंत गाणं ओळखीची माणसंच नेतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'आर्क्टिक मंकीज'चं उदाहरण इंटरनेटवरच्या यशासाठी नेहमी दिलं जातं. त्याची सुरुवात मात्र हातानं झाली. ही पोरं छोट्या कार्यक्रमांत आपल्या कच्च्या ध्वनिमुद्रणाच्या सीडी फुकट वाटत. घरी गेलेल्या श्रोत्यांनी ती गाणी संगणकावर उतरवून एकमेकांना पाठवली आणि बँडचं मायस्पेसवरचं पानसुद्धा चाहत्यांनीच उभं केलं. २००५च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि जानेवारी २००६मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. यात इंटरनेटनं मोठं काम केलं, पण कार्यक्रमात गाणं ऐकून खिशात सीडी घेऊन गेलेला माणूस त्याच्या आधी होता.

आपल्याकडेही जत्रेत पोवाड्यांच्या, गाण्यांच्या छोट्या चोपड्या विकल्या जात. ऐकणारा गाणं हातात घेऊन घरी जाई. तुमच्या कार्यक्रमात तो काय घेऊन जातो? पुढच्या वेळी शेवटच्या गाण्याआधी एक मिनिट थांबा. गाण्याच्या दुव्याचा क्यूआर कोड मोठ्ठा छापून मंचाच्या पुढ्यात लावा आणि 'आत्ताच फोन काढा' असं सांगा. कार्यक्रम संपल्यावर चौघांपैकी एकानं गिटार गुंडाळत न बसता दारापाशी वही घेऊन उभं राहावं. ज्यांना पुढचं गाणं कळवलेलं चालेल, त्यांचं नाव आणि नंबर लिहून घ्यावा. ॲपचे नियम बदलतात, रील्सचा पूर ओसरतो, वहीतली साठ नावं तुमचीच राहतात.

दुसरी गोष्ट नावाची. मराठी गाण्यांचं इथेच फार नुकसान होतं. समजा, गाण्याचं नाव 'पाऊस' आहे. रोमनमध्ये कोणी ते पी-ए-यू-एस लिहील, कोणी पी-ए-ए-यू-एस, कोणी पी-ए-ओ-ओ-एस. कार्यक्रमात गाणं आवडलेला माणूस घरी जाऊन तीनदा शोधतो आणि चौथ्यांदा नाद सोडतो. म्हणून यूट्यूबवर शीर्षक देवनागरीत द्या, शेजारी एक रोमन रूप द्या, बाकीची रूपं आणि गाण्याचे पूर्ण शब्द खालच्या वर्णनात घाला. वितरकाच्या फॉर्मवर भाषेच्या रकान्यात न विसरता 'मराठी' निवडा. बँडचं नाव आधीच कोणी घेतलंय का, तेही तपासा. नाव सारखं असलं की गाणं दुसऱ्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसतं.

तिसरी गोष्ट तारखेची. रेकॉर्डिंग हातात आलं की त्याच रात्री गाणं सोडायचा मोह होतो. तो आवरा आणि तीन-चार आठवडे पुढची तारीख ठरवा. स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या पानावरून गाणं तिथल्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे पाठवता येतं, तेही विनामूल्य. पण ते फक्त प्रकाशनाआधीच जमतं. किमान सात दिवस आधी पाठवलं, तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या 'रिलीज रडार' यादीत ते गाणं येतं. पहिल्या गाण्याची ही संधी गेली, दुसऱ्याची घालवू नका.

आणि दुसरं गाणं लवकर करा. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडनं २०१०मध्ये '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम दरमहा एक गाणं याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिला. करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करत, त्याचा हा पत्ता. त्यांचे गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती २००९च्या डिसेंबरमध्ये गेले होते आणि या गाण्यांत त्यांचा आवाज होता. श्रोत्यांना दर महिन्याला त्या दारात पुन्हा यायला कारण मिळत होतं. तुमच्या श्रोत्यांना चार महिन्यांत असं कारण मिळालेलं नाही. आकडा थांबण्याचं मला दिसणारं मोठं कारण हेच.

रील्स जरूर करा, पण सगळा जोर त्यावरच लावू नका. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' रील्सवरून मराठी न समजणाऱ्यांपर्यंतही पोचलं. तेव्हा भाषा आड येते, ही समजूत सोडा. गाण्यातली सगळ्यात घट्ट ओळ निवडा, सरावाच्या खोलीत फोन उभा ठेवा आणि ती वाजवताना जसे दिसता तसे दिसा. शब्द पडद्यावर देवनागरीत येऊ द्या.

हिशेबाचंही एक काम उरकून टाका. गीतकार आणि संगीतकार तुमच्यातलेच असतील, तर त्यांचं मानधन गोळा करून देणाऱ्या, १९६९पासून काम करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सदस्यत्व घ्या. कोणाचे शब्द, कोणाची चाल, हे चौघांत लेखी ठरवा, तेही मैत्री घट्ट आहे तोवर.

शेवटी त्या ४१२कडे येऊ. आज संध्याकाळी चौघं एकत्र बसा आणि कलाकारांच्या पानावर स्ट्रीमच्या शेजारचा श्रोत्यांचा आकडा बघा. ४१२ स्ट्रीम ६० माणसांचे असतील, तर प्रत्येकानं तुमचं गाणं सरासरी जवळजवळ सात वेळा ऐकलंय. पहिल्याच गाण्याला याहून मोठी दाद कोणती हवी? त्याखाली शहरांची नावं दिसतील. सांगलीनंतर पुणं असेल, कोल्हापूर असेल, तर पुढचा कार्यक्रम तिथे करा. ते दोन हजार रुपये प्रवासाला वापरा. आणि वही न्यायला विसरू नका.