वेळा अमावास्या

मार्गशीर्ष अमावास्येच्या दिवशी लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील आणि सोलापूरकडील काही भागांतील गावे ओस पडतात. घरांना कुलपे लागतात, बाजारपेठ शांत होते आणि लहानथोर सारे शेतांकडे लोटतात. सीमेपलीकडे बीदर व कलबुर्गी भागांतही हा सण होतो. याचे नाव वेळा अमावास्या, बोलीभाषेत येळवस.

माझे गाव सोयगाव, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. आमच्याकडे पोळ्याचा थाट मोठा. परंतु येळवस मी कधी पाहिली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लातूरकडील एका खेड्यात शिक्षक होतो. त्या दिवशी खोलीवर एकटाच बसलो असता माझा एक विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. "गुरुजी, आज गावात कोणी जेवत नाही. चला रानात!" असे म्हणून त्याने माझा हातच धरला.

त्याच्या वडिलांना स्वतःची जमीन नव्हती. ते ज्या शेतात गडी म्हणून राबत, तेथेच आम्ही गेलो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली होती. तीत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगविलेले पाच दगड मांडले होते. घरधनिणीने पूजा करून नैवेद्य दाखविला. मग शेतकरी पिकावर आंबील शिंपडीत शेताला फेरी घालू लागला आणि मुले मोठ्याने गात त्याच्यामागून धावू लागली.

त्या वर्षी परतीच्या पावसाने पाठ फिरविली होती. ज्वारी खुरटली होती. मी घरातील वृद्ध आजोबांना विचारले, "पीक हाती येईल याची शाश्वती नाही, मग हा सोहळा कशासाठी?"

आजोबा म्हणाले, "गुरुजी, दोन जिवांची लेक अशक्त असली, म्हणून तिची ओटी भरायची राहते का? तिला तर अधिकच जपावे लागते. ही काळी आज तशीच आहे."

मग पंगत बसली. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ताकात ज्वारीचे पीठ घालून केलेली आंबील आणि भज्जी! भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभरा, तूर, वाटाणा यांचे ओले दाणे व पालेभाज्या एकत्र शिजवून बेसन लावलेली ती भाजी होय. मालक, गडी आणि वाटेने जाणारे अनोळखी पांथस्थ एकाच पंगतीत जेवत होते. माझा विद्यार्थी मला आग्रहाने वाढीत होता. ते शेत त्याचे नव्हते. परंतु त्या दिवशी पाहुण्याला बोलाविण्याचा मान त्याचाही होता.

मुलांनो, धान्य घरात आल्यावर आनंद कोणीही करील. पीक शेतात उभे असतानाच भूमीचे ऋण मानणे आणि असेल ते सर्वांनी वाटून खाणे, हे या सणाचे मोठेपण आहे.

स्वाध्याय

१. आजोबांनी भूमीला कोणाची उपमा दिली? का?
२. 'बोलाविण्याचा मान त्याचाही होता' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या गावी साजऱ्या होणाऱ्या शेतीविषयक सणाची माहिती दहा ओळींत लिहा.