ताप वय बघून मोजावा

पोरी, तुझ्या घरात आता दीड महिन्याचं बाळ आहे आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईही. वॉर्डात केस पांढरे केलेल्या आत्याचं एवढं ऐकून ठेव. जंतूचं विष तेच असलं तरी अंग त्याला वयागणिक वेगळं उत्तर देतं. ताप हे विषाचं माप नव्हे, त्या उत्तराचं माप आहे.

बाळाचा ताप लहान समजू नकोस. काही जंतूंच्या आवरणातच विष असतं. ते रक्तात आलं की पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात, रसायनं सोडतात आणि ताप चढतो. तान्ह्या बाळाच्या पेशी यातली काही रसायनं मोठ्यांपेक्षा कमी सोडतात. हाडांच्या मगजातला त्यांचा राखीव साठाही लवकर संपतो. म्हणून दोन महिन्यांच्या आत काखेतला पारा 99.5 किंवा त्यावर गेला, 95.9 च्या खाली उतरला, बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं किंवा श्वास मिनिटाला 60 किंवा त्यावर गेला, तर यातलं एकही लक्षण पुरे. तडक दवाखाना गाठ. तापाचे थेंब पाजून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, अंगडं वर करून, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. जास्त भरला तर पुन्हा एकदा मोज.

सासूबाईंचं अंग थंड लागलं म्हणून निर्धास्त राहू नकोस. म्हातारपणी अंगात बारीक दाह कायम धुमसत असतो, पण ऐन वेळी पेशी हव्या तिथे धड पोहोचत नाहीत. मुळात त्यांचा पाराही खालीच असतो. तेव्हा त्या बऱ्या असताना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहून ठेव. त्यापेक्षा दोन अंश चढला, की थर्मामीटरवर 99 दिसले तरी तो ताप धरायचा. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग कधी कधी तापावाचूनच येतो. अचानक भलतंच बोलू लागल्या, ताट तसंच सारलं, चालता चालता पडल्या, दिवसभर ग्लानीत राहिल्या, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नकोस.

गुटी मधात उगाळायची नाही. सासूबाई आग्रह करतील, तरी वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यातले नेहमीचे जंतू त्यांना रुजू देत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती राखण अजून बसलेली नसते. तिथे ते विष तयार करतात. आधी शी अडते, मग रडणं क्षीण होतं, मान ढिली पडते. सासूबाईंनी आपल्या काढ्यात मध खुशाल घालावा.

खोकणाऱ्याने बाळाला घ्यायचं नाही. डांग्या खोकला मोठ्यांना नुसता आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. तान्ह्याला ढास येतेच असं नाही. ते एकदम श्वास धरतं, निळं पडतं. या जंतूचं विष पांढऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडू देत नाही. अगदी लहान बाळात त्यांची संख्या लाखावर जाते, तेव्हा जिवावर बेततं. रिपोर्टात पांढऱ्या पेशी भरपूर दिसल्या म्हणून ‘प्रतिकारशक्ती चांगली आहे’ असं कुणी म्हटलं, तर ऐकू नकोस.

उरलेली अँटिबायोटिक्स डब्यात साठवू नकोस. ती घेतल्यावर म्हाताऱ्या माणसांच्या आतड्यात एक विषारी जंतू माजतो आणि जुलाब थांबत नाहीत. गंमत म्हणजे कित्येक तान्ह्या बाळांच्या पोटात तोच जंतू विषासकट असतो आणि बाळ ठणठणीत खेळतं. सासूबाईंना औषधानंतर जुलाब लागले, तर बंद करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नकोस. कोणतं अँटिबायोटिक, कधीपासून, हे डॉक्टरांना आधी सांग.

लसीचं कार्ड दोघांचंही ठेव. धनुर्वाताची आणि घटसर्पाची लस म्हणजे दात काढलेला नाग: जंतूचंच विष, पण दंश करू न शकणारं. अंग त्यावरून ओळख शिकतं. बाळाला ही लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना पंचसंयोजक सुईतून मिळते, पुढे 16 ते 24 महिन्यांत आणि 5 ते 6 वर्षांत बूस्टर. तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरुवात लागत नाही, राहिलेला डोस लगेच घ्यायचा. म्हातारपणी ही ओळख पुसट होत जाते. सासूबाई रोज तुळशीपाशी खुरपं चालवतात. शेवटची धनुर्वाताची सुई केव्हा घेतली, ते विचार. दहा वर्षं उलटली असतील, तर बाळाच्या पुढच्या तारखेला त्यांनाही सोबत ने. मातीने भरलेली जखम झाली, तर पाच वर्षांचाच हिशोब धर.